सातवा बार

बाबा, काल लेकीबरोबर भंडाऱ्याला हेराचा सिनेमा पाहिला. हल्लीचे हेर कोटाची इस्त्री न मोडता माणसं मारतात. बँडच्या तालावर मुंडकी उडतात, मधेच मंत्र्यांची टिंगल होते, आणि सगळं थिएटर खदखदा हसतं. मीही हसले. मग नायकानं शत्रूच्या तळावर सात सुरुंग पेरले आणि नकळत मी बोटांवर बार मोजायला लागले. सहाच झाले. तो मात्र टाय सारखा करत आत शिरला.

चिखल्याच्या खाणीत तुमचं कामच ते होतं. खडकात सुरुंगाच्या दारूनं जितकी भोकं भरली तितके बार कानांनी मोजायचे. एक कमी आला, तर न उडालेला सुरुंग आत आहे; कोणाला आत सोडायचं नाही. मी कॉलेजात होते तेव्हा तुमसरला मैत्रिणींबरोबर असाच एक सिनेमा पाहायचा ठरला. आईनं नुसतं पोरींबरोबर सोडलं नाही, म्हणून तुम्ही सोबत आलात आणि आमच्या मागच्या रांगेत बसलात. पडद्यावर धुरळा उडाला तसे तुम्ही उठून ओरडलात, "एक राहिला! आत जाऊ नोको बे!" लोक पोट धरून हसले. "कोन व्हय वो थे?" मैत्रिणीनं विचारलं. "आमच्या कॉलनीतले काका," मी म्हणाले. तुमच्या त्या खाकी शर्टाची लाज वाटली होती, दुसरं काही कारण नाही.

मध्यंतरात तुम्ही शेंगांचा पुडा आणून दिलात. "खा पोरी हो," म्हणालात आणि पार शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. सिनेमा सुटल्यावर बसस्टँडवर मैत्रिणींसमोर मला म्हणालात, "तुह्या बाबाले माझा रामराम सांगजो." इतकं बेमालूम सोंग वठवणारा हेर मी पडद्यावर अजून पाहिलेला नाही. बसमध्ये तुम्ही ड्रायव्हरजवळ, मी मागे. घरी आईनं विचारलं तेव्हा "पोरीले आवडला सिनेमा," एवढंच बोललात. त्यानंतर माझ्यासोबत सिनेमाला कधी आला नाहीत. आज माफी मागू, उद्या मागू म्हणत मी राहिले आणि तुम्हीच गेलात. फार जड जातं, बाबा.

काल लेकीनं माझी बोटं पाहिली. "आई, काय मोजून राहिली तू?" तिला तुमच्याबद्दल सांगायची तीच वेळ होती. "काही नाही," म्हणाले मी. हा कागद तिच्या हाती पडावा असं वाटतं, आणि तरी मी तो कपाटात साड्यांच्या खाली सरकवते आहे.