टाकीनंतरचं पहिलं दळण

मी, रामलिंग विश्वनाथ हुडगे, वय वर्षे बहात्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही, पाजलेली नाही, अंगारा लावलेला नाही. शुगर आहे, गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

त्याच्यामागे दुसरा दाखला आहे, तो कानांचा. तो वाचून निलंग्यात बऱ्याच जणांना घाम फुटेल, म्हणून खुलासा इथेच करतो. गिरणीवाला बहिरा असतो असा लोकांचा समज आहे. एक्केचाळीस वर्षं लोक माझ्या कानाशी येऊन "आप्पा, बारीक दळा" असं बोंबलत आले, आणि पाठ वळवून साध्या आवाजात माझ्याबद्दल बोलत आले. मी मान डोलावली, "आँ?" म्हटलं, आणि सगळं ऐकलं. दगडाचा आवाज एका पट्टीत चालतो, माणसाचा त्याच्याखालून. सवय झाली की दोन्ही वेगळे ऐकू येतात. लातूरच्या कानाच्या डॉक्टरने यंत्र लावून तपासलं आणि लिहून दिलं, की दोन्ही कान ठणठणीत. तेव्हा "म्हाताऱ्याला मृत्युपत्र वाचून दाखवलं, पण ते ऐकूच आलं नाही", ही वाट, पोरा बजरंग, बंद.

कलम १. मिळकत कुठून आली.

वडिलांकडून मला एक घोंगडी आणि गळ्यातलं इष्टलिंग मिळालं. घोंगडी फाटली. लिंग आहे तिथेच आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी येऊन बघावं. बाकी सगळं स्वकष्टार्जित आहे. अकरा वर्षं लातूरच्या मोंढ्यात पोती उचलली. चाकूरला बंद पडलेली एक गिरणी भंगाराच्या भावात घेतली आणि बैलगाडीतून निलंग्याला आणली. दगड फुटू नये म्हणून मी गाडीच्या बाजूने चालत आलो. वडिलोपार्जित यात एक वीटही नाही. म्हणून ते कोणाला द्यायचं, हे मी एकटा ठरवणार.

कलम २. घर आणि ठेव.

राहतं घर मुलगा बजरंग याला दिले आहे. पोस्टातली ठेव आणि तिच्या आईचे दागिने मुलगी आरती, राहणार नांदेड, हिला दिले आहेत. आरतीने काही मागितलं नाही, म्हणून तिला आधी. बजरंगला बरंच काही हवं आहे, ते पुढे येईल.

कलम ३. यात देण्यासारखं काही नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर कृपाओसरी बालसदन आहे. ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं. गाव त्याला बोर्डिंग म्हणतं. आईबाप नसलेली, किंवा असून नसल्यासारखी पोरं तिथे राहतात. कंधारपासून देगलूरपर्यंतची. एस्तेरबाई कांबळे तिथलं सगळं बघतात.

गिरणी नवी होती तेव्हा बोर्डिंगचं दळण शेवटी घालायची रीत होती. पोतं सकाळी यायचं, एस्तेरबाई दिवसभर भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, आणि गावाचं संपलं की दिवेलागणीला त्यांचा नंबर. सांगणारे सांगायचे, "त्यांचं आधी घातलंस तर आमचं पीठ बाटतं." मी मान डोलावली. तेव्हाही मला नीट ऐकू येत होतं.

१९९१ साली एका शनिवारी टाकीवाल्या चांदपाशाने दगडाला टाकी लावली. म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने खडबडीत केला. टाकी लावली की पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. म्हणून आधी दोन-तीन पायल्या ज्वारी दळून ती ढोरांना घालायची, मग गिऱ्हाईक. त्या दिवशी माझ्याकडे फेकायला ज्वारी नव्हती, आणि शेषेराव पाटलांचं दळण खोळंबलं होतं. मी बोर्डिंगचं पोतं उचललं आणि आधी घातलं. ती पोरं कुठं बोलायला येणार होती?

एस्तेरबाई हसून म्हणाल्या, "आज आमचा पहिला नंबर, आप्पा?"

मी म्हटलं, "हाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं. मला वाटलं, उपकार फेडताहेत. धोतर बदलून गेलो. पोरांच्या दोन पंगती बसल्या होत्या. प्रार्थना झाली. मग पोरं जेवायला लागली आणि मला आवाज ऐकू आला. कचकच. चाळीस तोंडांतून, एका लयीत. एकही पोरगं थांबलं नाही, एकानेही तोंड वाकडं केलं नाही. एस्तेरबाईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली. "खा आप्पा, तुमच्याच हातचं पीठ हाय." मी दोन भाकरी खाल्ल्या. त्यापेक्षा जड पोतं मी मोंढ्यात कधी उचललं नाही.

निघताना विचारलं, "बाई, बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? आठ दिवसाचं हेच हाय. ओरडून कच निघती का?"

ते पोतं मी पाठीवर घेऊन घरी आणलं आणि घरची ज्वारी दळून त्यांना दिली. कचेचं पीठ आमच्या घराने खाल्लं. माझ्या बायकोने, साखराबाईने, तीनदा चाळलं, तरी लागायचं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कुणाचं पाप चावून राहिलाव आपण?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने गोडेतेलाचा रिकामा डबा घासून गिरणीच्या दारात ठेवला. जी बाई दळण घेऊन येईल तिला सांगायची, "एक पसा टाक बाई, बोर्डिंगच्या पोरायला."

आणि एस्तेरबाईंनी नंतर सांगितलं, की चांगल्या पिठाची भाकरी वाढली तेव्हा एका लहान पोरीने विचारलं होतं, "बाई, आज भाकरी वाजंना का?"

कलम ४. डबा.

चौतीस वर्षं तो डबा दारात आहे. साखराबाई गेली, डबा राहिला. त्यात ज्वारी पडते, गहू पडतो, संक्रांतीला तीळ पडतो. चांदपाशाची बायको बानो रमजानमध्ये दोन हातांनी टाकते. दाणा पत्र्यावर पडला की पसा भरलेला होता का नुसती चिमूट, हे मला आत बसून कळतं. शनिवारी डब्यातलं आणि बोर्डिंगचं एकत्र होतं, आणि त्याचा पहिला नंबर असतो. आता खराखुरा पहिला. टाकी लावली की पहिलं दळण माझ्या घरचं. बजरंग लहानपणापासून त्यावर चिडतो. पोरा, वर्षाला चार भाकरींत कच लागली म्हणून तू मेला नाहीस, चांगला शंभर किलोचा झालास.

गेल्या वर्षी शेषेराव गिरणीत उभे राहून म्हणाले, "या डब्यात जो दाणा टाकील त्याच्या घरी आमचं जाणंयेणं बंद. पोरं बाटवायचा धंदा हाय तो." शेषेरावांना दोनशे घरं मानतात. आठ दिवस डबा जवळपास रिकामा राहिला, आणि नवव्या दिवशी जागेवरून गेला. बजरंग म्हणाला, चोरीला गेला. डबा भुशाच्या पोत्यांमागे होता. तो ठेवल्याचा आवाज मी ऐकला होता, पण पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.

शनिवारी बोर्डिंगचं अर्धं पोतं आलं. दळायला घेतलं आणि पार्वतम्मा आली. औरादची म्हातारी, निम्मं कानडी बोलते. "एनप्पा, डब्बा एल्ली?" म्हटलं, डबा गेला. तिने पदराची गाठ सोडली, पाटावर चढली आणि ज्वारी सरळ गिरणीच्या तोंडात ओतली. "डबा न्हाई तर न्हाई. तोंड तर हाय की!" रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग दुसरी चढली. मग तिसरी. त्या दिवशी अर्ध्या पोत्याचं दीड पोतं झालं, आणि संध्याकाळी डबा आपोआप जागेवर आला.

बाटवण्याबद्दल एवढंच. चौतीस वर्षांत त्या घरातून मला कोणी प्रार्थनेला बोलावलं नाही. भाकरीला बोलावलं. आमच्या लिंगायतांत याला दासोह म्हणतात, त्यांच्यात काय म्हणतात ते मी विचारलं नाही. "आप्पा आतून ख्रिस्ती झालाय" म्हणणाऱ्यांनी काळजी करू नये. आम्हालाही पुरतात, त्यांनाही पुरतात. खड्डा तेवढाच लागतो.

कलम ५. गिरणी.

दिवाळीनंतर एका दुपारी बजरंग आणि शेषेराव मोटारीजवळ उभे होते. मी चार हातांवर पट्टा बघत होतो.

"म्हाताऱ्याचे डोळे मिटले की गिरणी पाडून चार गाळे काढू," शेषेराव म्हणाले. "डबा गटारीत अन् बोर्डिंगचं दळण बंद. मग बघू पोरं काय खातात."

"जरा हळू, काका."

"त्याला कुठं ऐकू येतंय?"

आणि माझा मुलगा हसला. मी पट्ट्याला तेल दिलं आणि घरी आलो. हे मृत्युपत्र त्या हसण्याने लिहायला लावलं.

पहिला विचार होता की गिरणी बोर्डिंगलाच द्यावी. एस्तेरबाईंनी हात जोडले. "नको आप्पा. गिरणी आमची झाली की पसा बंद होईल. लोक म्हणतील, आता त्यांचं त्यांना हाय. मला गिरणी नको, पसा पायजे."

बाई माझ्यापेक्षा हुशार आहे. म्हणून पिठाची गिरणी, तिची जागा, दगड, मोटार व वीजजोडणीसह, पुढील तिघींना समान हिश्श्याने दिली आहे:

पहिली, पार्वतम्मा. कारण वर आले आहे.

दुसरी, माझी सून पुनम, बजरंगची बायको. तिचा पसा रोज सकाळी झाडलोट झाल्यावर पडतो, नवरा उठायच्या आधी. तिला वाटतं मला माहीत नाही.

तिसरी, शिवकांताबाई, शेषेराव पाटलांची पत्नी. नवऱ्याने बंदी घातली त्या आठ दिवसांतसुद्धा यांचं दळण घरून निघताना एक पसा जास्त असायचं. डब्यात न टाकता त्या दळण संपल्यावर पीठच मागे ठेवून जायच्या, "सांडलं वाटतं" म्हणून. मी त्यांचं नाव झाकून ठेवणार होतो. उगीच बाईमाणसाला घरात त्रास नको. वकीलबाई धम्मप्रिया सूर्यवंशी यांनी विचारून या म्हटलं, म्हणून विचारायला गेलो. शिवकांताबाई म्हणाल्या, "लिवा आप्पा. चाळीस वर्षं ह्यांचं ऐकलं. आता हे जरा ऐकू द्या." 

आता, बजरंग, कोर्टात जायचं असेल तर बायकोवर खटला भर. शेषेराव, तुम्हाला साथ द्यायची असेल तर तुम्हीही घरातूनच सुरुवात करा.

अटी चार. शनिवारी पहिला नंबर बोर्डिंगचा, दळणावळ न घेता. डबा दारात, भुशामागे नाही. टाकी लावल्यावर पहिलं दळण मालकिणीच्या घरचं, आळीपाळीने. गिरणी विकता येणार नाही. बोर्डिंग कधी बंद पडलं, देव करो आणि सगळ्या पोरांना घरं मिळून बंद पडो, तर डबा गावातल्या ज्या पोरांना भूक असेल त्यांचा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील धम्मप्रिया सूर्यवंशी यांनी करावी.

कलम ६. किरकोळ.

माझा दांडीचा तराजू शेषेरावांना. वीस वर्षं त्यांना वाटत आलं की मी पीठ मारतो. आता घरी तोलत बसा. दांडी सरळ आहे.

चांदपाशाला काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराच्या पदरात काही टाकू नका, उद्या लोक बोट दाखवतील. चांदपाशा म्हणाला, "मेरेकू क्या होना आप्पा, चाय पिलाओ." चहा पाजला आहे. त्याची मृत्युपत्रात नोंद नको असं बाई म्हणाल्या, तरी केली.

एस्तेरबाईंना काही दिलेलं नाही. त्यांना माझ्याकडून एक गोष्ट येणं आहे, ती पुढच्या कलमात.

कलम ७. माझं शेवटचं.

गावात माणूस गेलं की गिरणी बंद ठेवायची पद्धत आहे. माझ्यासाठी ठेवू नका. मी गेलो तो दिवस शनिवार असेल, तर आधी बोर्डिंगचं दळण घालावं, मग रांगेतल्यांचं, जो जसा आला तसा. सगळ्यांचं झालं की मला उचला. कोणी म्हणेल, मढं खोळंबून ठेवता का? त्याला सांगा, एस्तेरबाई सात वर्षं त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला त्याच भिंतीला टेकवा.

माझा नंबर शेवटी. मला गडबड नाही, आणि दगडाचा आवाज तेवढा वेळ चालू राहील.

हे मृत्युपत्र मला मोठ्याने वाचून दाखवले, गिरणी चालू असताना. मी शब्द न् शब्द ऐकला, आणि दोन ठिकाणी चुका काढल्या. याआधी केलेलं कुठलंही मृत्युपत्र नाही. यापुढे करायचा विचार नाही.

सही: रामलिंग विश्वनाथ हुडगे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. शेख चांदपाशा मेहबूबसाब, दगडाला टाकी लावणारे, रा. निलंगा. (सही उर्दूत. १९९१ च्या त्या शनिवारची टाकी यांच्याच हातची.)

२. ग्यानोबा किशनराव सोळुंके, निवृत्त एसटी कंडक्टर, रा. निलंगा.

ठिकाण: गिरणी, निलंगा.
दिनांक: १२ जुलै २०२५, शनिवार, बोर्डिंगचं दळण झाल्यावर.