नळाची पूजा

३ फेब्रुवारी १९७१
वर्गात शिंक आली आणि पातळ ओलं झालं. मुलं कविता म्हणत होती. तास संपेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. धाकटा तीन वर्षांचा झाला — म्हणजे तीन वर्षं मी शिंका दाबते आहे.

५ फेब्रुवारी
शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले. घरी कळवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं. मुलं किती? चार. अंतर? दीड-दीड वर्षाचं. शेवटच्याचं वजन? साडेआठ पौंड. कळा दीड दिवस. जुना खोकला आहे का, शौचाला कुंथावं लागतं का — तेही. मी खाली बघत राहिले. "शरम शेनी, बेन?" त्या गुजरातीत म्हणाल्या, शरम कसली.
मग विचारलं, जड कधी उचललं? मी म्हटलं, बाराव्या दिवशी, पाण्याचा हंडा.
त्यांनी लिहिणं थांबवलं. खालचे स्नायू आधीच ताणलेले, त्यावर हंडा. कारण एकच नसतं, म्हणाल्या. पण एवढं तरी टाळता येतं.
व्यायाम दिला. लघवी रोखावी तसं आवळून धरायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं.

७ फेब्रुवारी
धाकटी जाऊ सुंदरा बाळंत झाली. दोन दिवस कळा. मुलगा, नऊ पौंड! टाके पडले.

१२ फेब्रुवारी
सुंदरा घरी आली. आत्यांनी — सासूबाईंनी — पूजेचं काढलं. गावी बाराव्या दिवशी विहिरीची पूजा करत, सुरतेत नळाची. नळाला कुंकू, मग भरलेला हंडा बाळंतिणीच्या डोक्यावर. तिथून ती कामाला लागते.
मी म्हटलं, यंदा तांब्या चालेल. आत्यांनी स्वतःच्या सहा बाळंतपणांचे सहा हंडे बोटांवर मोजून दाखवले. मग माझ्याकडे वळल्या.
"तू बी चार येळा हंडा आनेल शे. काय व्हयनं तुले?"


१५ फेब्रुवारी
सुंदरा हसता हसता मध्येच थांबली. तो चेहरा मला ठाऊक आहे.

१७ फेब्रुवारी
उद्या पूजा. आत्या भाकरी थापत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं — शिंक, वर्ग, दवाखाना, दहा आकडे. सुंदराचंही. त्यांचा हात थांबला नाही. भाकरी मात्र करपली.

१८ फेब्रुवारी
आत्यांनी नळाला कुंकू लावलं, हंडा भरला आणि सुंदराच्या नवऱ्याच्या, भिकनच्या डोक्यावर ठेवला. स्वतःच्या मुलाच्या! अख्खी चाळ हसली. शेजारच्या प्रमिलाबाईंनी त्याला विचारलं, बाळंतपण सुखरूप झालं ना? भिकन लाल झाला, पण हंडा घरापर्यंत आणला. सुंदरा बाळाला घेऊन मोकळ्या डोक्याने मागून आली.
आत्यांनी कारण कुणालाच सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
शाळेला निघाले होते. आत्यांनी दार लोटून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते दहा आकडे कसे मोजतस? माले बी दखाड."