चांगल्या रिझल्टचा समुद्र

मुक्काम अंदमान, एक लहानसं बेट,
समुद्रापासून नको इतक्या जवळ

प्रिय गुलाम रसूल,

दयानंदचा सलाम घे, आणि त्यातच रामराम धर. तुझा गुडघा कसा आहे? गौसियाभाभींची साखर आटोक्यात आहे ना? (त्यांना सांग, इथं उठता-बसता शहाळं प्यायला देतात, तेव्हा माझी साखर आता त्यांच्या पुढं गेली असणार.) दुकानातलं कापूस पिंजायचं यंत्र चालू झालं, की आसिफ अजून त्याला लाथाच घालतोय? आमच्या माडीवरच्या पोरींना आंघोळीचं पाणी वेळेवर मिळतं का? सगळं खुशाल असेल असं धरून चालतो, कारण नसलं तरी मी इथून काय करणार आहे. मी स्वतः मात्र खुशाल नाही. माझ्या कानात समुद्र आहे, नाकात वाळू आहे, आणि भाभींना वाचून दाखवायच्या पत्रात जिचं नाव लिहिता येत नाही अशा एका जागी मला समुद्रातला खडक लागलेला आहे. हे पत्र मी पालथा पडून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर तेवढं समजून घे.

फोन का नाही केला म्हणशील. फोन समुद्राच्या तळाशी आहे. दुसऱ्याच्या फोनवरून करावा तर तुझा नंबर माझ्या फोनला पाठ होता, मला नाही. पत्ता तेवढा पाठ आहे, म्हणून पत्र. चेन्नईला परत निघालेल्या एक बाई ते तिथल्या पेटीत टाकणार आहेत. त्या सज्जन दिसतात, पण हल्ली माझा दिसण्यावरचा विश्वास उडालाय, आणि तो का उडाला तेच पुढं सांगायचं आहे.

तुला पाठीमागचं सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिल्याशिवाय हे आपल्यावर ओढवलंय हे मलाच खरं वाटत नाही. परीक्षा संपल्यावर आमच्या हॉस्टेलच्या पोरी खाली मेसमध्ये टीव्ही लावून बसल्या होत्या. सिंधू भाकरी थापत होती. टीव्हीवर एक बाई फळीवर उभी राहून लाटेवरून सरसर येत होती. (त्याला सर्फिंग म्हणतात. मी त्याला फळी म्हणणार. एवढं सोसल्यावर तेवढा हक्क मला आहे.) सिंधूनं तव्यावरची भाकरी करपू दिली. आपल्या ओळखीत तिच्या हातून भाकरी करपलेली तुला आठवते का? मला नाही आठवत. आणि मग पिठाचे हात तसेच धरून ती म्हणाली, “त्या टायमाला जमीन मला न इचारता हलली. आता मी माझ्या मनानं हलत्या जागेवर उभारून बघते. येक डाव उभारले ना, तर वरच्या खोलीत झोपंन.”

वरची खोली म्हणजे सातवी. लातुरात लोक जिन्याखालच्या जागेतसुद्धा कॉट टाकून नीटची पोरं ठेवतात, आणि आमच्या माडीवरची सर्वांत हवेशीर खोली बांधल्यापासून कुलूपबंद आहे. बाकीच्या सहा खोल्यांत पोरी स्लॅबखाली बिनघोर झोपतात आणि घरमालक-मालकीण खाली अंगणात पत्र्याच्या खोलीत. भूकंपाच्या त्या पहाटे आम्ही दोघं सिंधूच्या माहेरी, किल्लारीकडच्या गावी, माळवदाखाली झोपलेलो. दोघंही सापडलो (मी जरा जास्त). सिंधू आधी निघाली आणि तिनं हातांनी दगडमाती उकरून मला बाहेर काढलं. तेव्हापासून, म्हणजे गेली पंचवीस वर्षं, सिंधूला स्लॅबची भीती वाटते हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि बायकोला एकटं टाकू नये म्हणून मीही पत्र्यात झोपतो हेही माहीत आहे. मे महिन्यात आपला पत्रा काय तापतो! तू एकदा म्हणाला होतास, दयानंद, तू नवरा नाहीस, अवलिया आहेस. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

तर आता प्रश्न आला, समुद्र कुठला? इथं मी पुढं झालो. लाटा हा धडा मी क्लासमध्ये इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतून उठवलं तरी तरंगलांबी सांगीन. समुद्र पाहिला नव्हता ही गोष्ट वेगळी. (इथं आल्यावर तो पाहिला, आणि पहिला विचार मनात आला तो आपल्या नळाचा. सिंधू तर म्हणाली, “येवढं पाणी, अन् कुणी भरून ठिवंना!”) आम्ही जिथं उतरलो आहोत त्या घराची मालकीण बंगाली बाई आहे. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, की नवशिक्यानं नारळीच्या बागेमागच्या खाडीत जावं. तिथं खाली वाळू आहे, खडक नाही, लाट कमरेएवढी येते आणि सावकाश मोडते, पडलं तरी मऊ लागतं. मी विचारलं, तिथं शिकून पुढं कोण गेलं? तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं, तिथला रिझल्ट काय? बाई म्हणाली, सगळे हसत बाहेर येतात.

आता रसूल, तूच सांग. आपल्या पोराला क्लास लावायचा तर आपण काय बघतो? चौकातला फलक. किती फोटो, किती टक्के, कोण राज्यात पहिला. हसत बाहेर येणाऱ्या पोरांच्या क्लासला लातुरात कुणी पोर घातलंय का? मी गावभर फिरलो, आणि चहाच्या टपरीवर मला पाहिजे ते दिसलं. एका किनाऱ्याचे फोटो भिंतभर लावलेले. कप घेतलेली माणसं, गळ्यात माळा, छातीवर नाना देशांचे झेंडे. ज्या किनाऱ्यानं इतके चॅम्पियन काढले तो आमच्यासारख्या दोन सामान्य माणसांना फळीवर उभं करू शकणार नाही? मी त्याच दिवशी तिथं प्रवेश घेतला. शिकवणाऱ्यानं विचारलं, पोहता येतं का. सिंधूला विहिरीत पोहता येतं. मला पाठीला डबा बांधून येत होतं, आणि तो डबा लातुरात राहिला आहे. मी सांगितलं, आमची थिअरी पूर्ण आहे. तो हसला. मला वाटलं कौतुकानं.

त्या किनाऱ्यावर पाण्याखाली खडकच खडक आहे. लाट येते ती लाटेसारखी येत नाही. दालमिलच्या दारात ट्रकवरून पोतं टाकतात तशी अंगावर टाकली जाते. तिथं चॅम्पियन तयार होतात हे खरं आहे, पण मला आता कळलं की ते दुसरीकडून तयार होऊनच येतात. (आपल्याकडच्या काही क्लासचंही असंच आहे, पण ते मी लिहिणार नाही, मला परत तिथंच शिकवायचं आहे.) पहिल्याच पोत्यात फळी एकीकडं, मी दुसरीकडं, खिशातला फोन कायमचा तिसरीकडं. सिंधू तोवर पाण्यात उतरलीसुद्धा नव्हती. भाभींनी शिवून दिलेल्या सलवारीची नाडी आवळत काठावर उभी होती. तशीच धावत आली आणि माझी बखोटी धरून मला बाहेर ओढलं. (तिला त्याची सवय आहे.)

माणसानं एका अपयशानं खचू नये असं मी पोरांना सांगतो, म्हणून दोन दिवस पालथा झोपून मी पुन्हा विचार केला. आपला दोष एवढाच की मोठ्या नावाला भुललो. आता नाव नको, गर्दी नको, शांतता पाहिजे. असा एक किनारा सापडला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधोमध एक पट्टा अगदी गुळगुळीत, गडद, एकसुद्धा लाट नाही. जिथं लाट नाही तिथं धोका नाही, हे सातवीतलं पोरगंही सांगेल. मी सिंधूला म्हटलं, तू थांब, आधी मी बघतो. फळीवर पालथा पडलो. (उताणा पडायची सोय नव्हतीच.) इतकं सोपं, इतकं गार वाटलं की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सिंधू काठावर मुंगीएवढी दिसत होती. तो पट्टा म्हणजे फुटलेल्या लाटांचं पाणी समुद्रात परत जायचा रस्ता असतो, आणि तो रस्ता जाताना जे असेल ते सोबत नेतो. हे आमच्या पुस्तकात नाही. मला मासेमारांच्या होडीनं आणलं. आमच्या घरात अंडंसुद्धा चोरून शिजत नाही, रसूल, आणि मी ढीगभर मासळीवर बसून, तिच्यातलाच एक होऊन काठाला लागलो. सिंधूनं मला आधी वास घेऊन पाहिलं, मग विचारपूस केली.

त्या संध्याकाळी तिनं निकाल जाहीर केला. “तुमी दोन डाव नापास. आता माझं मी बघते.” आणि दुसऱ्या दिवशी फळी डोक्यावर घेऊन नारळीच्या बागेमागं गेली. मी मागून गेलो तो तोंड लपवून. तिथं काय होतं म्हणून सांगू! दात पडलेली पोरं, एक पोट सुटलेला गोरा म्हातारा, आणि आणखी कुणाची तरी आज्जी. निव्वळ बालवाडी. लातूर पॅटर्नचा माणूस बालवाडीत उभा आहे हे आपल्या चौकात कळलं तर माझ्या बॅचला कुत्रं यायचं नाही. मालकीण बाईही सोबत आली होती. दम खायला सिंधू गुडघाभर पाण्यात बसली की ती शेजारी बसायची. बाईचं पहिलं घर त्सुनामीत गेलं. मग कितीतरी महिने ती डोंगरावर ताडपत्रीखाली झोपत होती. सिंधूनं तिला आपल्या लातुरी हिंदीत आमची ती पहाट सांगितली. दोघी असं बोलत होत्या की कुणाला वाटावं, साडी कुठल्या दुकानातून घेतली तेच सांगतायत. बाई म्हणाली, पुढं घर बांधलं तेव्हा तिनं दार मुद्दाम समुद्राकडं केलं, दिसत राहिला म्हणजे बरं. मला ते ऐकवेना. मी फळी धुवायला गेलो. (फळी समुद्रातच होती, तरी धुतली.)

सिंधू पडत होती. डावीकडं पडली, उजवीकडं पडली, बसली तशी पडली. मी काठावरून गुरुत्वमध्य समजावून सांगत होतो, आणि ती कोंबड्या हाकलाव्यात तसा हात करत होती. प्रत्येक वेळी ती पडली की मला बरं वाटायचं, म्हणजे वाळू मऊ आहे हे पाहून बरं वाटायचं. उन्हं उतरायला लागली, पोरं घरी गेली, मीही उठून चपला शोधू लागलो, आणि मागून मालकीण बाई ओरडली. वळून बघतो तर सिंधू उभी. टीव्हीवरच्या बाईसारखी नाही. चुलीपुढून उठताना माणूस अर्धवट वाकलेला असतो तशी, दोन्ही हात पसरलेले, ओढणी कमरेला, आणि तोंड घट्ट मिटलेलं. खाली सगळं हलत होतं आणि ती नव्हती हलत. लाट तिला माझ्या पायाशी घेऊन आली, पाणी निघून गेलं, फळी वाळूत रुतली, तरी ही त्यावर उभीच. उतरायचं असतं हे तिच्या लक्षातच येईना. मग एक पाय खाली ठेवला, वाळूवर जोरानं आपटून बघितला, आणि म्हणाली, “हललं. अन् मी पडले न्हाई.”

रसूल, मी रडलो. तुला सांगायला लाज कसली. त्या पहाटेनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती, म्हणून रडलो. आणि दुसऱ्याही एका कारणानं रडलो, पण ते तिला कळलेलं नाही. तिला वाटलं, समुद्राचं पाणी डोळ्यांत गेलं.

आता ती रोज सकाळी जाते. परतीची तिकिटं तिनं पुढं ढकलायला लावली. मालकीण बाईला भाकरी शिकवते आणि तिच्याकडून फळीला मेण लावायला शिकते. मी पालथा आहे. घरी सर्वांना यथायोग्य सांग, गुडघ्याला शेक देत जा, आणि कुणीही चांगला रिझल्ट दाखवला तर आधी खाली वाळू आहे का खडक ते विचार.

तुझा,
दयानंद (पोहायचा डबा अजून असेल तर भंगारात देऊ नकोस)

ता. क. भामाबाईला सांग, मेसच्या आमटीत तिखट कमी घाल. सिंधू नाही म्हणून ती सूड उगवत असणार.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. आमच्या किल्ल्यांचा जुडगा तुझ्याकडे ठेवलाय, त्यात सातव्या खोलीची किल्ली आहे, लाल दोरा बांधलेली. ती हरवली म्हणून सांग. रिक्षात पडली म्हण, यंत्रात गेली म्हण, तुला सुचेल ते म्हण. सिंधू कुलूप तोडा म्हणेल, तर लोहार गावाला गेलाय म्हण. खोलीसाठी गाद्या करायला सांगेल, तर कापूस नाही म्हण. कारण विचारू नकोस. तू गादीवाला आहेस, माणूस रात्रभर कुठल्या कुशीवर जागा असतो ते तुला सांगावं लागत नाही.

ता. क. तिसरा, सिंधूच्या हातचा. रसूलभाऊ, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, तवा वाचलं. किल्ली हरवू नका. खोली झाडून ठिवा, खिडक्या उघडा. यांनी पंचवीस वर्सं माझं नाव सांगून पत्र्यात काढली. मी बी कुणाला बोलले न्हाई, तुमी बी बोलू नका. कापूस नवा घाला, दोन गाद्या करा. माझी खिडकीपाशी टाका. यांची दारापाशी, अन् दार मिटू नये म्हणून खाली वीट लावून ठिवा.