झाकण अडकलं तेव्हा सासूबाई आल्या

तीर्थस्वरूप वहिनी,

माझा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि हिचा एकाच हाताने (दुसरा अजून प्लास्टरात आहे). तुमचा खोकला गेला असेल, दादाही मजेत असेल. आमचं बरं चाललंय. शुक्रवारी मात्र जरा गोंधळ झाला. तो सविस्तर कळवतो, कारण त्यात तुमचाही हात आहे.

ही जिन्यात घसरली तेव्हापासून आम्ही ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांवर दिवस काढतोय, हे कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं (माझा संशय हिच्यावरच आहे). लगेच त्यांचा फोन, की शुक्रवारी येते आणि प्लास्टर निघेपर्यंत हिला घेऊन जाते. वहिनी, मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो. घरी आल्यावर माझ्यावर कुरकुर करायलाही कुणी नसेल तर मी यायचं कशाला? म्हणून त्यांना गरम जेवण वाढायचं ठरवलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, एकच पॅन. त्यात चिकन, त्यातच भाज्या, वर झाकण. झालं जेवण."

झाकणापर्यंतचं सगळं खरं निघालं. हिला खुर्चीवर बसवून एक शब्दही बोलणार नाही असं कबूल करून घेतलं, नाहीतर सासूबाईंनी सगळं श्रेय तिलाच दिलं असतं. चिकनला मीठ, मिरपूड, लसूण चोळून तेलात दोन्हीकडून लालसर केलं (मनगटावर फोड आलेत, काळजी नसावी). मग कांदा, बटाटा, ढोबळी मिरची आणि गाजर. गाजराच्या चकत्या सगळ्या एकाच जाडीच्या, धंद्याची सवय. वर थोडं पाणी. पॅनचं मूळ झाकण फुटलंय हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मी स्टीलचं एक शोधलं. ते काठाच्या किंचित आत जाऊन असं बसलं की मला माझंच कौतुक वाटलं. शिजल्याचा वास सुटला, गॅस बंद केला, अंघोळ करून आलो, तर झाकण निघेना.

सांडशीने ओढलं. चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घातला, तो वाकला. पॅन गार पाण्यात ठेवला, तर झाकण आणखीच आवळलं. ही सारखा प्लास्टरचा हात गॅसकडे हलवत होती. मी जाऊन पाहिलं, गॅस बंदच होता, तसं तिला सांगितलं. तिने परत हात हलवला, मी परत सांगितलं. (तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं हात दुखतोय.) बेल वाजली, हिने दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या, तेव्हा मी पॅन दोन्ही पायांत धरून जमिनीवर बसलो होतो.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पॅन माझ्याकडून काढून घेतला, शेगडीवर ठेवला आणि गॅस पेटवला. थोड्या वेळाने टप्प आवाज झाला आणि झाकण सुटलं. ही जी हसायला लागली ती जेवणं होईपर्यंत हसतच होती.

बटाट्यांचा लगदा झाला होता, पण चिकन, वहिनी, लोण्यासारखं मऊ! सासूबाईंनी मुकाट्याने खाल्लं, परत वाढून घेतलं, तळाचं लागलेलं पावाने पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, हिला नेत नाही मी." मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोच त्या म्हणाल्या, "असं जेवायला मिळत असेल तर मीच राहते इथे."

आणि राहिल्या आहेत.

तुमचा धाकटा दीर

ता. क. सासूबाईंना रोज नवा पदार्थ लागतो. एका पॅनमध्ये आणखी काय काय होतं ते कळवा.

आणखी एक ता. क. खरं पत्र यासाठीच आहे. दादाला बरं नाही, भाऊजींना ताबडतोब इकडे पाठवा, असा फोन कराल का? सासूबाईंनी उचलला तर आवाज जरा रडवेला काढा.

वहिनी, ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. तिकडे सगळे ठणठणीत आहेत असंच कळवा. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना स्वयंपाक येतो हे मला आत्ता कुठे कळलंय.