नानांच्या गाडीची जाळी

नशिराबाद, १२ डिसेंबर १९९४

शेजाऱ्यांची बोलणी ऐकून वैतागलो होतो. म्हणून आज नानांच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये आवाज दाबणारी ती जाळी परत बसवून घेतली. नानांनीच ती काढून टाकली होती. "गाडी मोकळी पळते," म्हणायचे. खरं कारण भाकरी! भुसावळहून येताना हायवेच्या वळणावर फटफट ऐकू आली की आई तवा चढवायची. ते हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. नाना गेल्यावर वर्षभर मलाही त्याच आवाजावर गरम भाकरी मिळाली.

आज घरात आलो तर तवा थंड. आई दचकली. "तू कधी आला? आवाजच नाही आला."

कशाला बसवली ती जाळी? शेजारी कुरकुरले असते, दुसरं काय? पाना घेऊन तसाच बाहेर निघालो, तर आईने अडवलं.

"राहू दे ती जाळी. वळणावर आवाज आला की रोज वाटायचं, तुझे नानाच आले. अन् मग दारातून तू यायचा."

एवढं बोलून तिने तवा चढवला. मी पाना हातात घेऊनच जेवायला बसलो.