तीन जिन्यांचं घर

मेडनहेड, इंग्लंड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मशीला,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. तूही बरी असशील आणि बाबांचा गुडघा आता थोडा वाकत असेल. इथे चार वाजल्यापासूनच दिवे लावावे लागतात. नदीचं पाणी बरंच चढलंय, काठावरचा एक बाक अर्धा बुडालाय.

परीक्षेचं अभिनंदन फोनवर केलंच, कागदावर पुन्हा करतो. वाशिमच्या बबन गवंड्याची पोर मुंबईला जाऊन व्हिसाची इंग्रजी परीक्षा देते, पास होते आणि वर मला म्हणते, "काही विशेष नव्हतं." अगं बाई, विशेष होतं! मी शशिकांतकाकांना सांगितलं, तर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. काका कोण, ते पुढे येईल.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आज रविवार. मधले दिवस मी ते उशीखाली ठेवून झोपलो आणि सकाळी उठून कामाला गेलो, यावरून काय ते समज.

आत होता चौकटीच्या कागदावर काढलेला माझ्या घराचा नकाशा. मे महिन्यापासून मी तुला दर पत्रात दहा शब्द पाठवतोय, घरातल्या वस्तूंचे, आणि ती वस्तू घरात कुठे आहे तेही, म्हणजे शब्द लक्षात राहील. तू शब्द पाठ करशील एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू पट्टी आणि पेन्सिल घेऊन माझं घर बांधायला बसशील, हे काही मला सुचलं नाही. गवंड्याची मुलगी केली आहे हे मी विसरलोच!

पहिल्या पत्रात जिना दारातून आत आल्याबरोबर डावीकडे. चौथ्या पत्रात तो स्वयंपाकघरातून वर जातो. सातव्यात रंगीत काचेच्या खिडकीपाशी वळतो. तू तिन्ही काढलेस आणि खाली लाल पेनानं लिहिलंस, "जिना नक्की कुठे आहे? बाबा म्हणतात असं घर उभं राहू शकत नाही."

बाबा बरोबर म्हणतात.

आधी थोडं मागचं सांगतो. डिसेंबरमध्ये आपलं लग्न झालं तेव्हा मी ऑफिसात होतो, ते खरं होतं. फ्लॅटही होता. एप्रिलमध्ये आमच्या विभागातल्या चौदा जणांना एका मीटिंगमध्ये बसवलं आणि पंचवीस मिनिटांत घरी पाठवलं. नऊ वर्षं मी तिथे होतो. मग फ्लॅटही सोडावा लागला. माझा मग अजून तिथल्याच कपाटात असेल. मी तुला म्हटलं होतं ना, की ऑफिस आता घरूनच काम करायला सांगतंय? ते पहिलं खोटं. तुला खरं सांगायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज फोनवर तुझा आवाज ऐकला की पुढच्या रविवारवर ढकलत होतो. लग्नाच्या वेळी गावात माझा बॅनर लागला होता, धम्मा. चौकात, माझ्या फोटोसकट. तो फोटो डोळ्यांसमोर यायचा.

शशिकांतकाका चाळीस वर्षांपूर्वी इथे आले. त्यांची एक मोठी व्हॅन आहे. कुणाची आई वारली, वडील वारले, की मुलं त्यांना फोन करतात आणि आम्ही जाऊन घर रिकामं करतो. कपाटं, गाद्या, भांडी, पडदे, सगळं. मे महिन्यापासून मी हे काम करतोय. काम कष्टाचं आहे, लाजेचं नाही. हे मी काकांना दहा वेळा म्हणालोय, तुला एकदाही म्हणालो नाही.

पहिलं घर एका बाईंचं होतं. मुलगी दारातच उभी राहिली, आत आली नाही. "एव्हरीथिंग," एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मी स्वयंपाकघराचं ड्रॉवर उघडलं, तर रबरबँड, केकवर लावायच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, कुठल्यातरी दाराच्या किल्ल्या. ओट्यावर भांडी निथळायला ठेवायची खाचांची फळी. तिला काय म्हणतात, मला माहीत नव्हतं! अकरा वर्षं या देशात काढली. ऑफिसातलं सगळं इंग्रजी मला येतं, भांडायचंसुद्धा. पण निथळायच्या फळीचं नाव मला येत नव्हतं, भात गाळायच्या चाळणीचं येत नव्हतं, जिन्याच्या कठड्याचं येत नव्हतं. कारण इतक्या वर्षांत इथल्या कुणाच्या घरात मी स्वयंपाकघरापर्यंत गेलोच नव्हतो. कुणी बोलावलंच नव्हतं.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "ड्रेनिंग बोर्ड. कोलंडर. बॅनिस्टर. आता उचल." मी तिन्ही शब्द हातावर लिहिले आणि घरी येऊन तुला पत्र लिहिलं. तेच ते पहिलं पत्र.

तेव्हा फसवायचं म्हणून लिहिलं नव्हतं, खरंच सांगतो. तुला परीक्षेसाठी शब्द हवे होते आणि माझ्याकडे ते नव्याने आले होते. पण लिहिताना "आपल्या ओट्यावर" असं लिहिलं गेलं. "आपल्या" लिहिलं आणि इतकं बरं वाटलं, की पुढच्या पत्रांत दुसऱ्या घरांचे जिने आले, तीन बेडरूम आल्या, मग बाग. सप्टेंबरमध्ये मी तुला व्हिडिओवर सफरचंदाचं झाड दाखवलं, आठवतं? तू त्या झाडाला हात केलास आणि म्हणालीस, "आपलं झाड खूप लेकुरवाळं आहे." ते घर एका म्हाताऱ्या मास्तरांचं होतं. आत काका त्यांचा पलंग खोलत होते आणि मला हाका मारत होते. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

तिथल्या एका दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीनं मोजून लिहिलेली होती, वर्षांसकट. ते मी तुला लिहिलं नाही. तेवढं एक तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू दिलं.

आता खरे शब्द. आज सकाळी टेप घेऊन मोजलंय, बाबांना सांग. खोली दहा फूट बाय अकरा. एक बेड. एक खिडकी, रस्त्याकडची. एक घडीचं टेबल. एक खुर्ची. दारामागे एक हुक, त्यावर कोट. एक किटली. स्वयंपाकघर आणि बाथरूम बाकीच्या तीन भाडेकरूंबरोबर वापरायचं, फ्रिजमध्ये माझा कप्पा खालून दुसरा. जिना एकच आहे, तेरा पायऱ्यांचा, दारातून आत आल्यावर उजवीकडे. घराचा पत्ता तुला दिलाय तो बरोबर आहे, फक्त त्यात "रूम नंबर चार" एवढं लिहायचं मी दर वेळी टाळलं.

मोजून बघ, खोलीतले आठच शब्द झाले.

व्हिसाच्या फॉर्मवर राहायच्या जागेची माहिती लागते. दोघांना एक स्वतंत्र खोली असली तर नियमात बसतं, मी चौकशी केली. पगाराची अटही बसते, सुट्टी न घेता काम केलं म्हणून. घरमालकाचं पत्र आणि खोलीचे फोटो सोबत पाठवतोय. पण अर्ज तुझा आहे आणि सही तुझी. तू तीन बेडरूमच्या घरात यायला हो म्हणाली होतीस, ते घर नाही. सही केली नाहीस तर मी स्वतः येऊन बाबांच्या समोर बसेन आणि सगळा दोष माझा म्हणून सांगेन, तुला कुणी बोल लावणार नाही. तुला गमावायची मला फार भीती वाटते. म्हणून तर हे सहा महिने लांबलं.

बाबांना जय भीम. त्यांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

तुझा म्हणवून घेण्यासारखं काही केलेलं नसताना,
राकेश


वाशिम,
गुरुवार, २७ नोव्हेंबर

अहो,
जय भीम.

पत्र काल मिळालं. बाबांचा गुडघा बरा आहे, तुम्ही आधी तेच विचारलंत म्हणून आधी तेच सांगते.

मला जुलैपासूनच माहीत होतं. म्हणजे मेलेल्या माणसांचं माहीत नव्हतं, पण घर नाही हे माहीत होतं. व्हिडिओवर तुमच्या मागे बाबासाहेबांचा फोटो दिसायचा आणि फोटोच्या खाली किटली. ज्या घरात तीन बेडरूम असतात, त्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणी किटली ठेवतं का? किटलीच्या बाजूला उशी दिसायची. बाबांनी नकाशा दोन दिवस समोर ठेवला आणि म्हणाले, "माय, हा पोरगा लोकाइच्या घरात फिरून राह्यला." मी त्यांना गप्प बसवलं आणि लाल पेन घेतलं. तुम्ही स्वतःहून बोलावं म्हणून मी वाट पाहत होते.

राग आलाय. खूप आलाय. खोलीचा नाही. माझा बाप आयुष्यभर लोकांची घरं बांधून दोन खोल्यांत राहिला, मला खोलीचं काय सांगता? राग याचा आहे, की नोकरी गेली त्या दिवशी तुम्ही एकटे बसलात आणि मी इथे परीक्षेच्या कागदांची झेरॉक्स काढत हिंडत होते. आणि तो बॅनर पावसात कधीच फाटला हो! त्याच्या दोऱ्यांवर आता समोरच्या काकू कपडे वाळत घालतात.

परीक्षेचं मी तुम्हाला पूर्ण सांगितलंच नव्हतं. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पहिलंच विचारलं, तुझ्या घराबद्दल सांग. मला तुमचे सगळे शब्द पाठ होते, बॅनिस्टर पण, सफरचंद पण. आणि तोंडातून निघालं, माझं घर एक खोली आहे. एक बेड आहे. एक खिडकी आहे. एक किटली आहे. माझा नवरा तिथे आहे. बाई म्हणाल्या, "व्हेरी गुड." मला रडू येत होतं, त्यांना वाटलं घाबरले.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं, पूर्ण. त्यांनी विचारलं, "दार आत उघडते का भाईर?" तुम्ही ते लिहिलंच नाही. मी फोटो पाहून सांगितलं, आत. तेव्हा त्यांनी नवीन कागद घेतला आणि दहा बाय अकरा आखलं. सोबत पाठवतेय. बेड खिडकीखालून काढून डाव्या भिंतीला लावायचा आहे, म्हणजे दोन माणसांना एकमेकांना न धडकता चालता येईल. किटली टेबलावर. फोटो एकटा. दारामागे दुसरा हुक ठोकायचा, पहिल्यापासून एक फूट सोडून. तिथे त्यांनी माझं नाव लिहिलंय.

पुढच्या पत्रात शब्द त्याच खोलीतले पाठवा. दहा होत नसतील तर कमी पाठवा. दुसऱ्यांचा एकही चालणार नाही.

मास्तरांच्या दारावरची उंची तुम्ही लिहिली नाहीत, ते बरं केलंत.

पाकिटावरचा पत्ता नीट पाहिलात का? रूम नंबर चार. फॉर्मवर पण तसाच लिहिलाय आणि खाली सही केली आहे.

तुमचीच,
धम्मशीला