कोटाच्या बटणाएवढी गाठ

३ सप्टेंबर

चि. भिंगोबास अनेक आशीर्वाद.

जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर भिंगाखाली काचा बघतोस, पण बहिणीच्या कुत्रीची चौकशी करत नाहीस, म्हणून मीच लिहिते. डुलकी मशीनच्या पायडलपाशी झोपते आणि झोपेतच धावते. टीप मारता मारता मीही तिच्याबरोबर कुठेतरी जाऊन येते.

मध्यंतरी तिचा गळपट्टा घट्ट झाला. बाईसाहेबांनी अंग धरलं असं वाटून मी तो दोन भोकं सैल केला. मग हाताला गाठी लागल्या. जबड्याखाली कोटाच्या बटणाएवढ्या, गुडघ्यांमागे शर्टाच्या. दाबल्या तरी हूं की चूं नाही. माझ्या सांध्यांची सूज ज्या गोळीने उतरते, तीच रोज अर्धी लोण्यातून दिली. आठवड्यात गाठी निम्म्या! आहे की नाही तुझी ताई डॉक्टर?

लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

न दुखणाऱ्या गाठी एकदम इतक्या ठिकाणी आल्या, की पहिली शंका लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची. खात्री करायला सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर बघाव्या लागतात. तुझी गोळी स्टिरॉइडची. तिने गाठी बऱ्या नाही केल्या, लपवल्या. पुढची औषधंही त्यामुळे नीट लागू पडत नाहीत कधी कधी. काय करून बसलीस ताई! मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. आजच्या आज तिला डॉक्टरकडे ने.

रागावलो तरी तुझाच,
भाऊ

२८ सप्टेंबर

चि. भिंगोबास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. इथल्या डॉक्टरीणबाई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मी डुलकीचंही पान केलं होतं. गाठींची रोजची मापं, गोळीच्या आधीची आणि नंतरची. ते पान फार कामाचं आहे म्हणाल्या. सुईत पेशी नीट आल्या नाहीत, म्हणून गोळी बंद करून गाठी परत वाढेपर्यंत थांबायला सांगितलं.

मग रोज सकाळी हात लावायचा आणि गाठ वाढलेली असू दे म्हणायचं. असं कोणी मागतं का रे? एकदा स्वप्नात मी तिचा गळा चाचपत होते आणि तो संपतच नव्हता, नुसतं मऊ मऊ. परवा गुडघ्यामागे गाठ लागली. आली आली म्हणून मी ओरडले आणि लगेच वहीत माप लिहिलं. काल पुन्हा सुई घातली. काच तुमच्याकडे पाठवलीय.

जे दिसेल ते लिही, लपवू नकोस.
ताई

बुधवार, ४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काच काल सकाळी आली. वर नुसता नंबर, पण तारीख आणि गाव बघून ती डुलकीची हे मला कळलं. सगळीकडे एकसारख्या मोठ्या, कोवळ्या पेशी. ताई, लिम्फोमाच आहे. आज आमच्या मोठ्या डॉक्टरांनीही बघून सही केली.

खरं सांगतो, काल दुपारभर मी काच बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत बसलो. कोणाला दाखवली नाही. कालचं टपाल त्यात चुकलं. त्याबद्दल आणि मागच्या पत्राबद्दल माफ कर.

हा रोग सहसा कायमचा जात नाही. पण इंजेक्शनांनी बऱ्याच कुत्र्यांचं वर्षभर तरी बरं जातं. गोळीमुळे कदाचित कमी. इलाज इथे होतो. दोघी माझ्याकडे राहायला या.

वाट बघणारा,
भाऊ

शनिवार, ७ ऑक्टोबर

चि. भाऊस आशीर्वाद.

दोघी येतोय. मशीन आज पुढे पाठवलं. ती अर्धी गोळी मला जन्मभर सलणार, त्याबद्दल माझी समजूत तू घालू नकोस.

पण चुकलेल्या टपालाची माफी मागू नकोस. तुझं पत्र गुरुवारी यायचं ते शुक्रवारी आलं. गुरुवारी दुपारी मी काम टाकून पायरीवर उन्हात डुलकीच्या पोटावर डोकं ठेवून झोपले होते. ती झोपेत धावत होती. तिला काही माहीत नव्हतं, आणि भाऊ, मलाही नव्हतं.

तुझी,
ताई